ते कोकम सरबत नव्हतं!

समुद्रकिनारा, ताजे मासे आणि समोर वाइनचा ग्लास. कपल ट्रिप म्हटलं की आपल्याला आपलीच पिढी आठवते. पण ‘घरी काय सांगायचं?’ हा प्रश्न फक्त आपल्यालाच पडतो, असं थोडंच आहे?

पुरवणीच्या मीटिंगमध्ये विषय ठरला, ‘बीचवरची कपल ट्रिप’. थंडी सुरू झाली की कॉलेजातली कपल्स अलिबाग, काशीद, तारकर्ली, गोवा असं काही ना काही प्लॅन करत असतातच. तिथे जाऊन काय खातात, काय पितात, खर्च किती येतो, घरी काय सांगतात, असं सगळं लिहायचं. मी पडले इंटर्न. ‘तुझ्या ओळखीत असतीलच की अशी जोडपी,’ म्हणून स्टोरी माझ्याकडे आली. मला वाटलं, दोन दिवसांचं काम आहे.

चार दिवसांत सात जोड्यांशी बोलले. सगळ्यांनी भरभरून सांगितलं. आणि फोन ठेवताना सगळ्यांनी एकच वाक्य ऐकवलं, ‘नाव नको छापूस हं!’

एका मैत्रिणीने घरी ‘इंडस्ट्रियल व्हिजिट’ सांगितली होती. ती मराठी साहित्य शिकते. साहित्याची कसली इंडस्ट्रियल व्हिजिट, हे घरी कुणाच्या डोक्यात आलं नाही म्हणून वाचली. दुसऱ्या एकाने ट्रिपचे फक्त स्वतःचे फोटो टाकले, समुद्राकडे तोंड करून, फुल विचारवंत पोझमध्ये. ‘दादा, फोटो कुणी काढला?’ असं त्याच्या बहिणीने खाली विचारलं आणि पाच मिनिटांत पोस्ट गायब.

हॉटेलच्या काउंटरवरचा प्रसंग तर सगळ्यांच्याच गोष्टीत होता. दोघांची आधार कार्डं पुढे सरकवायची आणि समोरचा माणूस मान वर करून बघतो तेवढा वेळ श्वास रोखून धरायचा. खरं म्हणजे दोन सज्ञान माणसांनी लग्नाशिवाय एका खोलीत राहू नये, असा आपल्याकडे कायदाच नाही. डिसेंबर २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कोइम्बतूरच्या एका प्रकरणात हे स्पष्ट शब्दांत सांगितलं. पण हॉटेलं आपापले नियम लावतात आणि आपण कायदा माहीत असूनही घाबरतो. कारण भीती पोलिसांची नसतेच. भीती असते घरून येणाऱ्या फोनची.

तर सात मुलाखती झाल्या आणि छापण्यासारखं एकही नाव नाही. मी वैतागून हे सगळं स्वयंपाकघरात उभं राहून आईला सांगत होते. (अर्थात ‘नाव नको’वाल्यांची नावं न सांगता.) आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘मग आमचं लिही. आम्हीपण कपलच आहोत की.’

मी हसले. आणि मग लक्षात आलं, की खरंच, गेल्या नोव्हेंबरमध्ये आईबाबा गोव्याला जाऊन आले होते. दोघंच. चार दिवस. आणि त्या चार दिवसांबद्दल मी त्यांना ‘मजा आली ना?’ याच्या पलीकडे काहीही विचारलं नव्हतं.

पुढच्या वर्षी नक्की

आईबाबांच्या लग्नाला नोव्हेंबरमध्ये २५ वर्षं झाली. त्यांचं लग्न झालं तेव्हा कोकण रेल्वेचं सगळ्यांना भारी कौतुक होतं. जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण मार्ग खुला झाला होता, त्याला जेमतेम तीन वर्षं होत होती. ‘त्या गाडीने तुला गोव्याला नेतो,’ असं बाबांनी आईला कबूल केलं होतं. पहिल्या वर्षी बाबांना रजा मिळाली नाही. दुसऱ्या वर्षी दादा झाला. मग मी. मग आजोबांचं आजारपण, डोंबिवलीच्या फ्लॅटचे हप्ते, दादाची दहावी, माझी दहावी. दरवर्षी ‘पुढच्या वर्षी नक्की’ व्हायचं.

गोवा अगदी बघितलाच नव्हता असं नाही. २०१४ च्या मे महिन्यात आम्ही गेलो होतो. टेम्पो ट्रॅव्हलर, १३ माणसं, आत्याचे खाकरे आणि मागच्या सीटवर उलट्या करणारी मी. मंगेशी झालं, शांतादुर्गा झाली, म्हार्दोळची म्हालसा झाली, जुन्या गोव्याची चर्चं झाली. समुद्रावर मिळाला अर्धा तास. त्या अर्ध्या तासाचे आमच्याकडे चाळीसेक फोटो आहेत. आई त्यातल्या एकाच फोटोत आहे. वाळूत बसलीय आणि तिच्या भोवती १३ जणांच्या चपला आहेत.

या वेळी मी आणि दादाने ठरवलं, आता ‘पुढच्या वर्षी’ बंद. दादाने हॉटेलचे पैसे भरले, मी स्टायपेंडमधून तिकिटं काढली. दक्षिण गोव्यातलं बाणावली निवडलं, कारण उत्तरेकडची गर्दी त्यांना झेपली नसती. मी गुगल शीट केली. वेळ, ठिकाण, अंतर, कुठे काय खायचं, सगळं. कळंगुटचं १९३२ पासून चालू असलेलं सूझा लोबो. बाणावलीपासून जवळ, बेताळभाटीला १९८९ मध्ये सुरू झालेलं मार्टिन्स कॉर्नर. पणजीत फोंतेन्हासच्या गल्ल्या. प्रत्येक ठिकाणाची लिंक दिली. बाबांनी ‘छान केलंय’ म्हणून अंगठा पाठवला. त्यांनी ती शीट एकदाही उघडली नाही, हे मला आत्ता मुलाखत घेताना कळलं.

बाबांनी स्वतःची तयारी मात्र पक्की केली होती. बॅगेच्या आतल्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कागद होता. लग्नाच्या दाखल्याची झेरॉक्स.

‘अहो बाबा, लग्नाला २५ वर्षं झालेल्या माणसांना कोण विचारणार आहे?’

‘पेपरात येतं ना हल्ली, हॉटेलवाले विचारतात म्हणून. असू दे.’

कुणी विचारलं नाही. पण काउंटरवर आधार कार्ड देताना बाबांचा हात त्या कप्प्याकडे गेला होता, असं आई सांगते.

‘आता बोलायचं काय?’

मांडवी एक्स्प्रेस खाण्यासाठी प्रसिद्ध आहे. सकाळी मुंबईहून निघते आणि संध्याकाळी मडगावला पोचते, तोवर डब्यात काही ना काही फिरत असतं. तरीही आईने पहाटे उठून तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या. ठाण्याला गाडीत बसल्यावर बाबांनी पहिलं कटलेट घेतलं तेव्हा ती म्हणाली, ‘अहो, डबा आहे ना.’ दुसऱ्या कटलेटला काही म्हणाली नाही. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो, त्यात शिरायच्या आधी तिने स्वतः टोमॅटो सूप मागितलं. पुऱ्या मडगावपर्यंत तशाच गेल्या.

मला वाटत होतं, पुढचं सगळं सिनेमासारखं झालं असेल. सूर्यास्त, वाळूतलं टेबल, मेणबत्ती. मी आईला विचारलं, ‘पहिल्या रात्रीचं जेवण कसं होतं?’

ती थोडं थांबली. ‘खरं सांगू? जड गेलं.’

‘पदार्थ जड होते?’

‘पदार्थ कसले... आम्ही दोघं समोरासमोर बसलो. मध्ये टेबल. तुम्ही नाही, आजी नाही, टीव्ही नाही. पाच मिनिटं तुमच्याबद्दल बोललो. दादाची नोकरी, तुझं इंटर्नशिपचं. ते संपलं. मग मला कळेना, आता बोलायचं काय? बाबांनी मोबाइल काढला. मी समुद्राकडे बघत बसले. अंधारात दिसतोय काय समुद्र!’

हे ऐकून मी पेनच खाली ठेवलं. मी ज्या सात जोड्यांशी बोलले होते, त्यांना वेळ पुरत नव्हता. रात्रीचे तीन वाजेपर्यंत बोलत बसले होते ते. आणि इथे २५ वर्षं एका घरात राहिलेली दोन माणसं, ज्यांना एकमेकांच्या बीपीच्या गोळीचं नाव पाठ आहे, ती एका टेबलावर अडकून बसली होती.

त्यातून त्यांना सोडवलं ते मेनू कार्डाने.

वेटर ऑर्डर घ्यायला आला. आईने सवयीने कार्ड बाबांकडे सरकवलं. ‘तुम्हीच सांगा.’ बाबांनी परत तिच्याकडे सरकवलं. ‘तू सांग. माशातलं तुला कळतं.’

आई मूळची वेंगुर्ल्याची. माशाच्या बाबतीत तिला कुणी फसवू शकत नाही. तिने वेटरला विचारलं, सुरमई आजची आहे का? तो म्हणाला, एकदम फ्रेश. ती म्हणाली, दाखव. त्याने ताटात मासा आणून दाखवला. तिने कल्ला उचलून लाल आहे का बघितलं, बोटाने दाबून बघितलं. तो कोकणीत म्हणाला, इसवण बरें आसा. ही मालवणीत सुरू झाली. पुढची दहा मिनिटं तिरफळ बांगड्याच्या आमटीत कधी घालायचं यावर दोघांची चर्चा चालली. गोव्यातल्या शागुतीचं नाव वाचून ती म्हणाली, ‘ही आमची सागोतीच की!’ बाबा मोबाइल बाजूला ठेवून बघत होते.

‘मी हिला असं कुणाशी बोलताना कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं,’ बाबांनी मला सांगितलं.

गरम तुकडा

त्या रात्री साडेनऊला आईचा फोन आला होता. मला आठवतोय. मागे लाटांचा आवाज आणि ती जवळजवळ ओरडून म्हणाली होती, ‘अगं, किती गरम होता तो!’

मला वाटलं, उकडतंय. मी म्हटलं, ‘एसी लावा.’

ती माशाबद्दल बोलत होती, हे मला आत्ता कळलं. रव्यात तळलेला सुरमईचा तुकडा तव्यावरून थेट तिच्या पानात आला होता आणि तिने तो तसाच मोडून खाल्ला होता. जीभ भाजली, तरी खाल्ला.

आमच्याकडे बुधवार, शुक्रवार आणि रविवार मासे असतात. आई तव्यापाशी उभी असते. ‘पानं घ्या’ म्हणते आणि एकेकाला गरम गरम वाढत जाते. आजी, बाबा, दादा, मी. गरम नसेल तर आम्ही तोंड वाकडं करतो. सगळ्यांचं झालं की ती गॅस बंद करते, ओटा पुसते आणि जेवायला बसते. तेव्हा तिच्या वाट्याचा तुकडा गार झालेला असतो आणि त्याचं तेल कडेला साकळलेलं असतं. २५ वर्षं आठवड्यातून तीनदा मासे तळणाऱ्या बाईने तळलेला मासा गरम खाल्लाच नव्हता. आणि हे आमच्यापैकी कुणालाही दिसलं नव्हतं.

आपण रेस्टॉरंटला ‘ॲम्बियन्स’साठी जातो. आधी फोटो काढतो, तोवर अन्न गार होतं. आईसाठी रेस्टॉरंटचा अर्थ एवढाच होता, की मी बसलेय आणि कुणीतरी मला वाढतंय. पहिल्या दिवशी ती रिकाम्या प्लेट एकावर एक रचून वेटरला मदत करत होती. तिसऱ्या दिवशी तिने ते सोडून दिलं.

द्राक्षासवाची बहीण

आता वाइन. कारण तुम्ही खरं त्याच्यासाठी वाचताय.

बाबा वर्षातून दोनतीनदा घेतात. गटारीला, नाहीतर मित्राच्या गच्चीवर. आईने कधीच घेतली नव्हती. दुसऱ्या रात्री बाबांनी बिअर मागवली आणि आईने सहज विचारलं, ‘वाइन कशी लागते हो?’ बाबा म्हणाले, ‘मला काय माहीत? मी कुठे घेतलीय?’ मग वेटरनेच सुचवलं, गोड चालत असेल तर पोर्ट घ्या.

गोव्यात पोर्ट वाइन घरगुती गोष्ट आहे. नाताळला, लग्नकार्यात, पाहुणे आले की छोट्या ग्लासात दिली जाते. नाव आलं ते पोर्तुगालहून. तिथे दोरू नदीच्या खोऱ्यात द्राक्षाचा रस आंबत असतानाच त्यात द्राक्षाचंच कडक मद्य मिसळतात. त्यामुळे आंबणं मध्येच थांबतं, रसातली साखर शिल्लक राहते आणि वाइन गोड होते. पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात आले आणि १९६१ पर्यंत राहिले. ते गेले, पण गोड लाल वाइन आणि तिचं नाव इथे राहिलं. तसंच विंदालूचं. त्यात आलूचा काही संबंध नाही. पोर्तुगीज भाषेतल्या वाइन आणि लसूण या दोन शब्दांवरून ते नाव पडलंय. वाइनची जागा इथे माडाच्या सुरीपासून केलेल्या व्हिनेगरने घेतली.

आईने ग्लास नाकाजवळ नेला, एक घोट घेतला आणि म्हणाली, ‘अहो, हे तर द्राक्षासव!’

हे मला फार आवडलं. कारण ती चुकली नव्हती. द्राक्षासवही मनुका-द्राक्षं आंबवूनच करतात आणि आंबताना तयार झालेलं अल्कोहोल त्यात असतंच. आमच्या घरी ती बाटली फ्रिजवर असते. जेवणानंतर दोन चमचे, समभाग पाण्यातून. आजीसुद्धा घेते. फरक इतकाच, की एका बाटलीवर वैद्यांचं लेबल असतं म्हणून ती फ्रिजवर उभी राहू शकते.

तिसऱ्या रात्री आईने हिंमत करून नाशिकची पांढरी वाइन मागवली. नाशिकला ती चार वेळा गेलीय. काळाराम मंदिर, पंचवटी, त्र्यंबक, वणी. येताना दरवेळी द्राक्षं आणली. त्या द्राक्षांच्या गावात वाइनचा एवढा उद्योग उभा राहिलाय, हे तिला कळलं बाणावलीच्या वाळूत. ऐंशीच्या दशकात नारायणगावला सुरुवात झाली होती. मग राजीव सामंत यांच्या सुलाची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली, म्हणजे आईबाबांचं लग्न झालं त्याच वर्षी. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण आणलं आणि नाशिकच्या आसपास वायनरी वाढत गेल्या.

पांढरी वाइन नुसती प्यायल्यावर आईने तोंड आंबट केलं. ‘ही खराब झालीय का?’ मग तळलेल्या तिसऱ्यांबरोबर घेतली आणि म्हणाली, ‘आता लागतेय.’ जाणकार याला ‘पेअरिंग’ म्हणतात आणि त्यावर तासभर बोलतात. आईचं म्हणणं सोपं होतं. माशाला आंबट लागतंच. आपण कोकम घालतो, चिंच घालतो, कैरी घालतो, लिंबू पिळतो. ही तशीच आंबट आहे. लाल वाइन माशाबरोबर का घेत नाहीत, तेही तिने बाबांच्या ग्लासातला एक घोट घेऊन शोधून काढलं. ‘लोखंडाच्या कढईत आमटी ठेवल्यासारखं लागतं.’

आणि इथे बाबांनी एक कबुली दिली. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला होता आणि केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय? तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘आता संस्कृती बुडणार’ असा एक लांबलचक मेसेज फिरत होता. ‘तो मी टाकला होता,’ बाबा म्हणाले. ‘मला आलेला, पुढे ढकलला. वाचलाही नव्हता पूर्ण.’

आईने चारही दिवसांत मिळून फार तर दोन ग्लास घेतले असतील. अर्धा ग्लास झाला की उरलेला बाबांकडे सरकवायची. वाइन किती प्यायली हा मुद्दाच नाही. त्या ग्लासांच्या वेळी जे बोलणं झालं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

माझ्या जन्माच्या वेळी आईने नोकरी सोडली. ‘मीच सोडली, मुलांसाठी,’ असं ती सगळ्यांना सांगते. आम्हालाही तसंच सांगत आलीय. तिसऱ्या रात्री ती बाबांना म्हणाली, ‘मला सोडायची नव्हती.’

बाबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘मला माहीत होतं.’

‘मग विचारलं का नाहीत?’

‘विचारलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं.’

आईने हे मला भांडी आवरता आवरता सांगितलं. रडली वगैरे नाही. ‘बरं वाटलं,’ एवढंच म्हणाली. ‘माफी वगैरे नाही मागितली त्यांनी. पण खरं बोलले.’

फोटोची कड

दुसऱ्या रात्रीचा, पोर्टवाल्या रात्रीचा एक फोटो आईने फॅमिली ग्रुपवर टाकला होता. त्या ग्रुपवर आत्या, काका, मामा, मावशी मिळून ३१ माणसं आहेत. फोटोत ताट आहे, आई हसतेय, मागे समुद्र. ग्लास तिने क्रॉप केला होता. पण सगळा गेला नव्हता. खालच्या कोपऱ्यात थोडासा लालजांभळा रंग उरला होता.

आत्याचं लक्ष गेलंच. ‘वहिनी, सरबत कसलं ते?’

आईने उत्तर टाकलं, ‘कोकम.’

मी तो मेसेज तेव्हा वाचला होता आणि त्यावर हार्ट दिला होता. कोकम आणि पोर्टचा रंग इतका सारखा असतो, की शंका यायचं कारणच नव्हतं. आज आईने खरं सांगितल्यावर मी खूप हसले. मग हसू ओसरलं. कारण पन्नाशीला आलेली, घर चालवणारी, दोन मुलं वाढवलेली बाई नवऱ्याशेजारी बसून एक ग्लास वाइन घेते आणि फोटो कापते. माझी ती मैत्रीण इंडस्ट्रियल व्हिजिट सांगते. दोघींमध्ये फरक काय राहिला? मला वाटायचं, लग्न झालं, वय वाढलं, स्वतःचं घर झालं, की हे लपवणं संपतं. ते संपत नाही. फक्त कुणापासून लपवायचं ते बदलतं.

मी आईला हे म्हटलं. ती म्हणाली, ‘हो ना. आणि गंमत म्हणजे ज्याच्यापासून लपवतो त्याला बहुतेक माहीत असतं.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे तू दोन वर्षांपूर्वी प्रोजेक्टसाठी मैत्रिणीकडे गेली होतीस ना दोन दिवस? नाक सोलून परत आलीस. बॅगेत वाळू. मैत्रिणीच्या घरी वाळू असते का?’

काशीद. मी काहीच बोलले नाही. तीही पुढे काही बोलली नाही. मेथी निवडून झाली होती.

‘विचारलं का नाहीस?’ मी शेवटी विचारलं.

‘विचारायला हवं होतं,’ ती म्हणाली. ‘आता विचारते. चांगला आहे का मुलगा?’

त्या प्रश्नाचं उत्तर या लेखात नाही. पण ते मी आईला दिलं. आम्ही दोघी ओट्याला टेकून तासभर बोललो आणि भाजी उशिरा झाली.

लेख लिहून झाल्यावर मी दोघांना वाचून दाखवला. नोकरीचा भाग आला तेव्हा मी अडखळले आणि बाबांकडे बघितलं. ते म्हणाले, ‘राहू दे ते.’ मग मी आईला विचारलं, वाइनचं राहू देऊ की कोकमच लिहू? कारण आमच्याकडे आत्यापासून मामापर्यंत सगळे ही पुरवणी वाचतात, निदान मी इथे लागल्यापासून तरी.

आई म्हणाली, ‘थांब. पेपरातून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे.’

तिने आत्याला फोन लावला. स्पीकरवर. इकडचं तिकडचं झालं आणि मग एका दमात सांगून टाकलं, ‘वन्सं, ते गोव्याच्या फोटोत कोकम नव्हतं. वाइन होती.’

पलीकडे शांतता. बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. मी श्वास रोखून धरला, काउंटरवर आधार कार्ड दिल्यासारखा.

‘गोड असते का गं?’ आत्याने विचारलं. आणि मग आवाज एकदम खाली आणून, ‘वहिनी, त्या हॉटेलचा नंबर देतेस? ह्यांना अजून काही सांगितलेलं नाही मी.’

चौकट : आईबाबांना पाठवताय? (किंवा स्वतः जाताय?)

• रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होतं. कोकण मार्गावर सुट्ट्यांच्या गाड्या लगेच भरतात, तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

• पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. गोव्याच्या किनाऱ्यावरची शॅक्सही पावसाळ्यात उतरवलेली असतात. ताज्या माशांसाठी जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा.

• बेबिंका नक्की खा. नारळाचं दूध, अंड्याचा बलक आणि साखर यांचे एकावर एक थर भाजून करतात. परंपरेने सात थर. घाईत होणारा पदार्थ नाही, म्हणून घाईत खाऊही नका.

• महाराष्ट्रात वाइन आणि बिअरसाठी किमान वय २१ आहे, कडक मद्यासाठी २५. गोव्यातून विकत घेतलेली बाटली परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. वाइन घेतल्यावर भाड्याच्या स्कूटरला हात लावायचा नाही आणि समुद्रातही उतरायचं नाही.

• गुगल शीट करू नका. ते उघडणार नाहीत.

• आणि ते परत आल्यावर ‘मजा आली ना?’ एवढंच विचारून थांबू नका.